एकेचाळीस-बीचा मासा

...आणि वर पुन्हा हे विमानवाले विचारतात, आपलं खास जेवण कसं वाटलं, एक ते पाच तारे द्या. आता काय तारे देऊ? मी ते खाल्लंच नाही. पाहिलं मात्र आहे, अगदी जवळून, दोन खुर्च्यांच्या फटीतून, पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत. नुसत्या पाहण्याला किती तारे द्यायचे, असा रकाना त्या फॉर्ममध्ये नाही. मी दोनदा वर-खाली करून बघितलं. आणि हे सगळं, तुम्हाला सांगतो, जास्तीचे पैसे भरून, बरं का.

आता माझंच काही चुकलं असेल. माझं बहुधा चुकतंच. पण तुम्ही ऐका आणि मग ठरवा.

मुलीकडे निघालो होतो, आम्ही दोघं, चौदा तासांचा प्रवास. तिकीट अर्थातच त्या भागातलं, जिथे माणूस बसत नाही, त्याला घडी घालून ठेवतात. तिकीट काढलं आणि दुसऱ्या दिवशी मेल आला, की आपल्याला नेहमीचं जेवण हवं की खास जेवण? आणि खाली दोन फोटो. नेहमीच्या जेवणाचा फोटो असा, की जणू तो पदार्थ हरवलाय आणि घरचे शोधतायत. राखाडी, अंधुक, ओळख पटवायला काढल्यासारखा. आणि खास जेवणाचा फोटो? त्यावर ऊन पडलेलं! चिनी मातीची ताटली, लिंबाच्या सॉसमधला भाजलेला मासा, लोण्यात परतलेले बटाटे, चॉकलेटचा केक, आणि पोलादी चमचा. खराखुरा, वजन असलेला चमचा. आता मला सांगा, दोन्ही जेवणं करणारे तेच, विमान तेच, ती ढकलगाडी तीच. म्हणजे आधी स्वतःच वाईट जेवण बनवायचं, त्याचा फोटो काढून माणसाला घाबरवायचं, आणि मग त्यापासून सुटका विकायची? याला व्यापार म्हणतात की खंडणी? पण मी भरले. मी असल्या ठिकाणी भरतोच.

मासा घ्यायचा की मशरूम, यात अकरा दिवस गेले. हसू नका. माझी डॉक्टरेटच मुळी निर्णय कसे घ्यावेत या विषयातली आहे. तीनशे चाळीस पानं. अपुऱ्या माहितीवरसुद्धा माणसाने चटकन निर्णय घेणं कसं फायद्याचं असतं, हे मी त्यात सिद्ध केलंय, आणि ते सिद्ध करायला मला नऊ वर्षं लागली. तर मासा अकरा दिवसांत ठरला, हे तसं लवकरच झालं.

हिला विचारलं, तुझ्यासाठी पण मागवू का? ही भाजी निवडत होती. म्हणाली मला नको, विमानात मला भूक लागत नाही, आणि तुम्ही तरी कशाला मागवताय? मी म्हटलं, का? तर मान वर न करता म्हणाली,

"अहो, चुकीचं आलं तर तुम्ही बोलणार आहात का? तुम्हाला साधा चमचा मागता येत नाही."

लागलं मला. खरं होतं म्हणूनच लागलं. एकदा हॉटेलात शेजारच्या टेबलाचं सूप माझ्यापुढे आलं, तर मी ते पिऊन टाकलं, आणि शेजारचा 'माझं सूप, माझं सूप' करत होता तेव्हा त्याच्याबरोबर मीही दाराकडे बघत बसलो. न्हाव्याने एकदा बोलता बोलता चुकून माझी मिशी काढली. घाबरून म्हणाला, 'चालेल ना, सर?' मी म्हटलं, छान. आता छान म्हटल्यावर मिशी परत कशी ठेवणार? त्या गोष्टीला चार वर्षं झाली. दर महिन्याला जातो आणि आवडीने काढून घेतो. विभागप्रमुख व्हायची वेळ आली तेव्हाही कुणीतरी विचारील म्हणून मी दार उघडं ठेवून बसलो होतो. वारा तेवढा आला.

तेव्हा हिला म्हटलं, बघच तू. या वेळी माझं जे आहे ते मी घेणार. जास्तीचे पैसे भरून घेतलंय, कुणाच्या उपकाराचं नाही. ही म्हणाली, बघते. नुसतं 'बघते'. बेचाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला विचारा, त्या दोन नाही, तीन अक्षरांत काय काय असतं ते. बघा, मोजतानासुद्धा मी चुकतो.

तर विमानात शिरलो. रांग एकेचाळीस. ही खिडकीशी, ए. मी मध्ये, बी. आणि माझ्या पलीकडे एक नवी नवरी, हातातल्या अंगठीकडे अजून अधूनमधून बघणारी. मी बसलो, पट्टा बांधला, समोरचं छोटं टेबल एकदा उघडून मिटवून पाहिलं, कुठे अडकत तर नाही ना, मासा यायचाय. तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला. हात कसला, गादीच. मागे वळून बघतो तर एक पैलवान. मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात याची सीमाच आखलेली नाही, आणि आवाज मात्र साखरेसारखा. "काका, तुमच्या शेजारी माझी मिसेस आहे. मी तुमच्या मागेच आहे, बेचाळीसमध्ये. तुम्ही जरा मागे याल का?"

एका रांगेचं अंतर हो! ती पुढे, हा मागे, हात लांब केला तर वेणी ओढता येईल. आणि चेहरे असे केलेले दोघांनी, की जणू एक जण युद्धावर निघालाय. मी हिच्याकडे बघितलं. ही खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, अवश्य, त्यात काय. पैलवान म्हणाला, "काका, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत." आता हे ऐकल्यावर माणूस मागे नाही जाणार तर काय करणार? गेलो. बेचाळीस-बी. एका बाजूला झोपलेला माणूस, दुसऱ्या बाजूला झोपायच्या तयारीतला, पाठीमागे भिंत आणि भिंतीपलीकडे संडास. आणि मी खूश! तुम्हाला सांगतो, दोन तास मी नुसता 'तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत' यावर काढले.

मग पडदा बाजूला झाला. खास जेवणवाल्यांना आधी देतात, बाकीच्यांनी बघावं म्हणून. हवाईसुंदरी हातात ट्रे घेऊन, दुसऱ्या हातात यादी, हसत हसत येतेय, मासा सगळ्या विमानभर वास सोडत येतोय, मी टेबल उघडलं, चष्मा पुसला... आणि ती थांबली एकेचाळीसला. "एकेचाळीस-बी? आपलं खास जेवण, सर."

पैसे माझे होते. मागवताना दिलेलं नाव माझं होतं. पण यादीत नाव नव्हतंच, खुर्ची होती. मी अकरा दिवस विचार करून तो मासा माझ्यासाठी घेतला असं मी समजत होतो. मी तो एका खुर्चीसाठी घेतला होता.

आता तुम्ही म्हणाल, मग बोलायचं की. बोलणारच होतो! तोंड उघडलं होतं. "माफ करा" मधला 'मा' बाहेर पडला होता. पण त्याच क्षणी पैलवान बायकोकडे वळून म्हणाला, "तू मागवलंस? माझ्यासाठी?" आणि ती... नुसती हसली, मान किंचित कलती करून. म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. आणि पैलवानाचा चेहरा असा झाला, की एवढ्या मोठ्या माणसाला रडू येतंय की काय. आता मी मध्ये काय म्हणू? अहो सौभाग्यवती, आपण खोटं हसताय, तो मासा माझा आहे? लग्नाला बारा-पंधरा दिवस झालेले. माझ्या माशावर त्यांचा संसार उभा राहत होता, मी तो पाडू? मी 'मा' गिळला. खास जेवण म्हणून त्या प्रवासात तेवढंच पोटात गेलं म्हणा.

मग काय, फटीतून बघत बसलो. पैलवानाने बटाटे दोन घासांत संपवले. लोण्यात परतलेले. मासा चमच्याने कापला, पोलादी चमच्याने, आणि प्रत्येक घासाला "हं" म्हणायचा. केक आला तेव्हा म्हणाला, मी गोड खात नाही, काकू तुम्ही घ्या. आणि ही? जिला विमानात भूक लागत नाही ती? हिने घेतला. चाटून पुसून खाल्ला. जास्तीचे पैसे भरून माझा मासा पैलवानाने खाल्ला, केक बायकोने खाल्ला, आणि माझ्यापर्यंत गाडी पोचली तेव्हा हवाईसुंदरी म्हणाली, "सॉरी सर, आता फक्त पास्ता उरलाय." मी म्हटलं, छान. फोटोतल्यासारखाच होता, राखाडी. त्या बाबतीत कंपनी प्रामाणिक आहे.

उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याशी उभे होतो, तर ही माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आज मला नवलच वाटलं तुमचं. जागा दिलीत ती दिलीत, स्वतःचं जेवणही दिलंत त्या पोराला." आणि माझ्याकडे बघत राहिली. बेचाळीस वर्षांत हिने माझ्याकडे असं दोनदा बघितलंय, आणि दुसऱ्या वेळी माझ्यामागे घड्याळ होतं. मी काय करायला हवं होतं? सांगायला हवं होतं, की नाही गं, मी दिलं नाही, माझ्याकडून घेतलं गेलं. मी म्हटलं, "त्यात काय."

संपलं. तीन महिने मुलीच्या घरी मी दानशूर. ही येईल त्याला सांगायची. जावयाला सांगितलं, तो म्हणाला, बाबा, ग्रेट. शेजारणीला सांगितलं. दातांच्या डॉक्टरला सांगितलं, माझ्या तोंडात तिचे दोन्ही हात असताना. तिसऱ्या वेळेपर्यंत पैलवान अशक्त झाला होता. सहाव्या वेळेला त्याने दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. आणि दर वेळी गोष्ट संपली की ही थांबायची, माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, कौतुकाने. मी मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं, केवढा विनय. लाज आणि विनय लांबून सारखेच दिसतात हो, मलासुद्धा कधी कधी फरक कळत नाही.

परतीची तिकिटं मुलीने काढली. म्हणाली, आईला खास जेवण घेतलंय, मासाच. बाबांना साधं. ते काय, कुणाला तरी देऊनच टाकतात.

तर परतीच्या विमानात ही खिडकीशी, मी मध्ये, आणि या वेळी कुणी म्हणजे कुणी जागा मागायला आलं नाही. हिचा ट्रे आला. ऊन पडलेला मासा. मग माझा आला. राखाडी. ही सावकाश खात होती, पोलादी चमच्याने. मी माझ्या केकमध्ये चमचा घातला, प्लॅस्टिकचा, तो मोडला. केक जिंकला. मोडका दांडा हातात घेऊन बसलो होतो आणि मला काय झालं कोण जाणे, म्हटलं आता बास, तीन महिने झाले, सांगून टाकू. घसा साफ केला. म्हटलं, "ऐक ना. त्या दिवशी ते जेवण मी दिलं नव्हतं. ते चुकून गेलं. मला बोलताच आलं नाही."

ही माशाचा काटा काढत म्हणाली, "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"फटीत चष्मा चमकत होता तुमचा. सबंध जेवणभर."

मी म्हटलं, मग तू का नाही बोललीस त्याला? माझा केक का खाल्लास?

"म्हटलं, मासा गेला तर गेला, केकला तरी हा माणूस तोंड उघडेल." आणि मग जरा थांबून, हळू आवाजात, "तीन महिने वाट बघतेय मी. एवढ्या लोकांपुढे एवढं खोटं सांगितलं, म्हटलं कधीतरी म्हणाल, की गप्प बस, तो माझा मासा होता."

तीनशे चाळीस पानांत या प्रसंगाला एक ओळ नाही. मग तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा, मी म्हटलं, "थोडा दे ना मला."

हिने ताटली माझ्याकडे सरकवली. अर्धा मासा, नीट काढून ठेवलेला, आधीपासूनच. बटाटेही. मी हिच्या चमच्याला हात घातला, तर हिने चमचा काढून घेतला.

"चमचा मागून घ्या," म्हणाली.

मागून घ्या तर मागून घ्या! मला त्या क्षणी वाटलं, मी काहीही मागू शकतो, विभागप्रमुखपदसुद्धा. हात वर केला. डोक्यावर तीन बटणं. एकावर माणसाचं चित्र, एकावर दिव्याचं, तिसरं काय ते कळेना, आणि चित्रं एवढीशी, आणि चष्मा जवळचा की लांबचा... तरी मी फार वेळ लावला नाही. चटकन निर्णय घेतला, अपुऱ्या माहितीवर, प्रबंधात म्हटल्याप्रमाणे. आणि दाबलं.

दिवा लागला. वाचायचा. बरोबर माझ्या टकलावर, नाटकात पडतो तसा. पलीकडचा माणूस जागा होऊन माझ्याकडे बघायला लागला. आता लगेच दुसरं बटण दाबायचं म्हणजे त्याला वाटणार, म्हाताऱ्याला बटणं कळत नाहीत. विझवायचा तर उगाच का लावला, असं होणार. हवाईसुंदरी शेजारून गेली, तिने पाहिलं, हसली, म्हणाली, "वाचताय का, सर?"

मी म्हटलं, हो.

मग काय करता? पिशवीतून पुस्तक काढलं. ही बघत होती. मी पान उलटलं. मासा गार झाला, गाडी आली, ताटली गेली, अर्ध्या माशासकट, जास्तीचे पैसे भरलेल्या... दोनशे दहा पानं वाचली.

पुस्तक चांगलं होतं. त्याला मी पाच तारे देईन.