माडाचे डोळे

—नाही, वकीलबाई, आधी पाठभेद ऐका आणि मग तुमची ती नोटीस वाचा. आयुष्य लोककथा गोळा करण्यात घालवलेला माणूस पुराव्याच्या आधी पाठभेद पाहतो, खोडच आहे ती, तिला औषध नाही. तर ‘माडाला डोळे असतात’ ही समजूत सगळ्या किनाऱ्यावर आहे, आणि माझ्याकडे तिचे तीन पाठ आहेत. पहिला अगदी साधा — खाली माणूस दिसला की माड फळ आवरून धरतो. दुसऱ्यात करवंटीवरचे तीन डोळे येतात, म्हणजे झाड आंधळं झालं तरी फळ स्वतः बघून पडतं — मोठी सोय आहे, नाही का? तिसऱ्यात मात्र माड न्याय करतो — ज्याच्या हातून पाप झालंय, नेमका त्याच्यावरच नारळ सोडतो. हा तिसरा पाठ मी माघात वाचनालयातल्या व्याख्यानात सांगितला. सांगितला म्हणजे काय, रंगवला, हातवारे केले, टाळ्या झाल्या. — चहा घ्या ना. आलं जास्त पडलंय? माझ्या बायकोनं, दमयंतीनं, मुद्दाम घातलंय. राग माझ्यावरचा आहे, तुमच्यावरचा नव्हे; तिचं मत तुमच्या अशिलाच्या बाजूचं आहे.

आणि तुमची अशील, सगुणा — तिला मी लहानपणापासून ओळखतो, खालच्या अंगाला घर आहे तिचं, हंगामात आंब्याच्या पेट्या भरायला जाते. जाण्याची वाट एकच, ही पायऱ्यांची पाखाडी, माझ्या कुंपणाच्या दगडी गडग्याला लागून. माडाचं मूळ गडग्याच्या आत, माझ्या जमिनीत. डोकं बाहेर, पाखाडीवर. दिवाळीच्या सुमाराला सगुणा इथे थांबली, म्हणाली, “भाऊ, ते सुकले नारळ काढून घ्या हो. कुणाच्या तरी डोक्यात बसतील.” मी गडग्यावर कोपर टेकून, अगदी व्यासंगी स्वरात — काय सांगावं? — म्हणालो, “सगुणा, माडाला डोळे असतात.” ती म्हणाली, “असतील हो. पण माड तुमच्या आजोबांच्या वेळचा ना? मोतीबिंदू झाला असेल त्याला!” मी हसलो, आणि घरात येऊन काय केलं असेल? माडावर चढणाऱ्याला निरोप धाडला? छे! तिचं वाक्य टिपून घेतलं. नवा पाठभेद म्हणून! नारळ राहिले वर, वाक्य तेवढं खाली उतरलं.

नोटीस आल्यापासून मी अपकृत्याचा कायदा वाचतोय. हसू नका, या वयात विद्यार्थी व्हायला हिंमत लागते. शास्त्र सुरेख आहे, लोककथेपेक्षा बांधेसूद. करार नसला तरी चालतो, गुन्हा नसला तरी चालतो, मनात वाईट नसलं तरी सुटका नाही. आपल्या वागण्यानं किंवा न वागण्यानं ज्याला इजा होईल असं शहाण्या माणसाला आधी दिसायला हवं, तो आपला शेजारी, आणि त्याची काळजी घेणं हे कर्तव्य. मग बघायचं — कर्तव्य चुकलं का, चुकलं म्हणूनच इजा झाली का, आणि ती इजा कल्पनेत बसणारी होती का. मी प्रत्येक पायरीवर पळवाट शोधत बसलो. दैवी घटना म्हणावं, तर सगुणाच्या खांद्यावर नारळ पडला त्या सकाळी वारा नव्हता; आणि सुकलेला नारळ पडला यात दैवी ते काय — न पडता तर दैवी! तिनं धोका आपण होऊन पत्करला म्हणावं, तर दुसरी वाटच नाही. तिनं वर बघत चालायला हवं होतं म्हणावं, तर जांभ्याच्या त्या पायऱ्यांवरून वर बघत चालणारा माणूस आधीच कोसळेल, नारळाला तसदीच नको. उरलं काय? अज्ञान. मला कल्पना नव्हती, असं म्हणावं — तर अहो, मी माझी स्कूटरसुद्धा त्या बाजूला लावत नाही. आवळ्याखाली लावतो, आवळा पडून कुणाचा खांदा मोडत नाही. दमयंती वाल वाळत घालायला निघाली तेव्हा मीच ओरडलो होतो, “तिकडे नको गं, नारळ—”

हे लिहून घेताय का तुम्ही? लिहू नका हो. हे मी सहज, बोलण्याच्या ओघात...

बरं. लिहा.

खरं सांगू, नोटिशीत मी भरपाईचा आकडा शोधत शेवटपर्यंत गेलो, तर आकडाच नाही. मागणी एकच — वाडीच्या बैठकीत उभं राहून मी खरं काय ते सांगावं. मला आधी कळेचना. मग दमयंतीनं सांगितलं. हात गळ्यात बांधून सगुणा घरात बसलीय, हंगाम गेला, ते वेगळंच. पण शिमग्यात पालखी तिच्या अंगणात आली तेव्हा ओटी भरायला एकही शेजारीण आली नाही. पाणवठ्यावर म्हणतात, “माडानं वळखलंन तिला.” कुठून आलं हे? वाचनालयातून. माझ्या हातवाऱ्यांतून. खांदा नारळानं मोडला, नाव मी घालवलं. तुमच्या पुस्तकात बदनामीचं वेगळं प्रकरण आहे, तेही वाचलं.

आणि एक गोष्ट, वकीलबाई, जी माझ्या एकाही लेखात नाही. हा तिसरा पाठ मला ज्यांनी ज्यांनी सांगितला ते सगळे माडांचे मालक. खालून जाणाऱ्या एकानंही कधी सांगितला नाही. इतकं साधं निरीक्षण! नवशिक्याच्याही ध्यानात आलं असतं. माझ्या आलं नाही, कारण विचारणाराही मालकच होता.

उद्या बैठक आहे. मी आधी समजुतीचा उगम सांगेन, मग पाठभेदांची तुलना, मग ओघानं — नको? प्रस्तावना तरी? दोन वाक्यांची? तेही नको. मान काय हलवता, मी उभ्या जन्मात प्रस्तावनेशिवाय बोललेलो नाही.

बरं, हे चालेल का बघा. सगुणा पाखाडीनं कामाला निघाली होती. माड माझा. सुकलेले नारळ तिनं दाखवले होते, मी काढले नाहीत. त्यातला एक पडला आणि तिचा खांदा मोडला.