झाकणाच्या पेल्यात चहाच होता

घटना: शनिवार, दि. १२ एप्रिल २०२५, दुपारी २ वाजून १२ मिनिटे.
जबाब: सोमवार, दि. १४ एप्रिल २०२५, सकाळी ९ वाजून २० मिनिटे. नदीकाठ चौकी, सव्हाना.

मी, अर्नेस्टीन बर्नडेट टूमर, वय ७१ वर्षे, धंदा सेवानिवृत्त (जिल्हा न्यायालयात साक्षी टिपून घेण्याची नोकरी, ३१ वर्षे), राहणार मेकन, जॉर्जिया, अमेरिका, समक्ष हजर राहून सांगते की,

वरील वेळी माझा धाकटा भाऊ डेलमार टूमर, वय ६४ वर्षे, यास 'कॅप्टन ॲमोसचे घर' या उपाहारगृहाचे व्यवस्थापक प्रेस्टन वेल्ड आणि त्यांचा दारवान यांनी 'हा प्यायलेला आहे' असे म्हणून दंडाला धरून बाहेर काढले व समोरच्या चौकातील बाकावर आणून टाकले. २ वाजून ५८ मिनिटांनी तो रुग्णवाहिकेत वारला. तो प्यायलेला नव्हता.

डेलमारने वीस वर्षे दारू प्यायली, हे मी लपवत नाही. ती सोडून त्याला चौदा महिने झाले होते. डॉक्टरांनी त्याला रोज सकाळी घ्यायची एक गोळी दिली होती. ती पोटात असताना दारू गेली, तर माणूस लालबुंद होतो, ओकतो, छाती धडधडते आणि रक्तदाब कोसळतो. ही गोळी रोज मी माझ्या हाताने त्याला देत असे आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहत असे. शनिवारची गोळी सकाळी ७ वाजता हॉटेलच्या खोलीत दिली. सार्जंट पिंकनी यांनी येथे विचारले की, 'मग अशा माणसाला या शहरात कशाला आणलंत? इथे लोक रस्त्यात पेले घेऊन फिरतात.' प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, येण्याची इच्छा त्याची होती. तो म्हणाला, "ताई, वीस वर्षांत मी काय खाल्लं ते मला आठवतच नाही. एकदा शुद्धीत बसून आईच्या गावचं खायचंय." आमची आई येथील होती.

आम्ही शुक्रवारी दुपारी माझ्या गाडीने निघालो. वाटेत उकडलेल्या शेंगांची पिशवी घेतली. डेलमारने ती माझ्या नाकाशी धरली व म्हणाला, "मदर सुपिरिअर, वास घेऊन बघ. शेंगांत तर कुणी ओतली नाही ना?" मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, म्हणून तो मला असे चिडवीत असे. शुक्रवारी रात्री आम्ही कवचातच मसाला भरून भाजलेला खेकडा व लाल भात खाल्ला. त्याने दोन खेकडे खाल्ले.

पेल्याविषयी. या शहरात जुन्या वस्तीत प्लॅस्टिकच्या पेल्यातून दारू घेऊन रस्त्याने फिरण्यास कायद्याने मुभा आहे. रिकाम्या हाताच्या माणसाला दर दहा पावलांवर कोणीतरी विचारते, 'काय घेणार?' ते ऐकावे लागू नये म्हणून डेलमारने शनिवारी सकाळी ११ वाजता तसाच एक मोठा पेला घेतला आणि त्यात गोड थंड चहा भरून घेतला. तो म्हणाला, "आता कुणी विचारणार नाही. मी पण त्यांच्यातलाच." ही युक्ती त्याची होती आणि मी तिला हसले होते. तो पेला हातात घेऊनच तो १ वाजता उपाहारगृहात शिरला.

आम्ही कोलंबी व मक्याच्या कण्या मागवल्या. वाढणाऱ्या मुलीचे नाव जॉस्लिन. तिने दारूची यादी पुढे केली, ती मी परत केली. जेवण झाल्यावर डेलमारला गोड पदार्थांच्या यादीत ब्रेडचे पुडिंग दिसले. आई ते करीत असे. मी जॉस्लिनला विचारले, "यात दारू आहे का?" ती म्हणाली, "वरच्या सॉसमध्ये व्हिस्की असते, मॅडम. थांबा, आत विचारून येते." परत येऊन म्हणाली, "आचारी म्हणतात, उकळताना सगळी उडून जाते. नुसती चव राहते."

यापुढचे संभाषण नोंदवण्याची गरज नाही, असे सार्जंट पिंकनी यांचे मत पडले. मी एकतीस वर्षे इतरांच्या तोंडचा शब्दन् शब्द टिपला आहे. कोणता गाळायचा, हे सांगणाऱ्याने ठरवायचे नसते आणि लिहिणाऱ्याने तर नाहीच. संभाषण असे:

पुडिंग आले. डेलमार म्हणाला, "ताई, वास येतोय."

मी म्हणाले, "वास म्हणजे दारू नव्हे. दारू पाण्याच्या आधी उकळते. सिस्टर आल्फॉन्सस यांनी आम्हाला नववीत शिकवलंय."

तो म्हणाला, "तू एक घास चाखून बघ की."

मी म्हणाले, "माझा उपास चालू आहे. ईस्टरपर्यंत गोड सोडलंय, तुला माहीत आहे."

तो म्हणाला, "एका घासाने तुझा देव रागावत नाही."

मी म्हणाले, "देवाला मध्ये आणू नकोस. खा. चौदा महिन्यांत तू काही मागितलेलं नाहीस."

त्याने अर्धी वाटी खाल्ली. तेव्हा १ वाजून ५० मिनिटे झाली होती. 'आईचं असंच होतं,' असे तो म्हणाला. उरलेले जॉस्लिनने डब्यात भरून दिले. मी एकही घास चाखला नाही. माझा उपास आजही मोडलेला नाही.

२ वाजून ३ मिनिटांनी त्याचा चेहरा, मान व कान तांबडेलाल झाले. त्याने कॉलर ओढली. नंतर तो टेबलावरच ओकला. त्या ओकारीला व्हिस्कीचा वास होता. मी ओरडून सांगितले की, हा गोळीवर आहे, रुग्णवाहिका बोलवा. व्यवस्थापक वेल्ड आले. त्यांनी आधी डेलमारकडे पाहिले, मग टेबलावरच्या पेल्याकडे.

ते म्हणाले, "सकाळपासून चालू आहे वाटतं यांचं."

मी म्हणाले, "त्यात चहा आहे. पिऊन बघा."

ते म्हणाले, "बाई, इथे येणारे सगळे फक्त चहाच पितात." दारवान हसला.

मी म्हणाले, "तुमच्याच पुडिंगने झालंय हे. फोन करा."

ते म्हणाले, "पुडिंग खाऊन कुणी असं पडत नाही. शनिवारी असे चार तरी येतात. सावलीत बसवा, पाणी पाजा, उतरेल. बाकीच्यांना जेवू द्या."

बाकीच्यांपैकी खिडकीकडच्या टेबलावर सहा पुरुष होते. ते आमच्या आधीपासून पीत होते आणि एक जण खुर्चीवर उभा राहून गात होता. त्यांना कोणी बाहेर काढले नाही. ते कोणत्या रंगाचे होते व आम्ही कोणत्या रंगाचे आहोत, हे मला विचारले गेले नाही, म्हणून सांगत नाही.

२ वाजून १२ मिनिटांनी डेलमारला बाकावर टाकले. दारवानाने पेलाही आणून त्याच्या शेजारी ठेवला. माझा फोन हॉटेलच्या खोलीत राहिला होता. त्याचे डोके माझ्या मांडीवर होते. सोडून गेले असते, तर तो खाली पडला असता. मी येणाऱ्याजाणाऱ्यांना हाका मारल्या. एका गृहस्थाने आपला पेला उंचावला व म्हणाला, "पहिलाच दिवस दिसतोय काकांचा!" दोन स्त्रियांनी रस्ता ओलांडला. पेला बाजूलाच होता. तो पाहिल्यावर कोणाला काही विचारायचे उरत नव्हते. तो मी दूर फेकायला हवा होता. तेव्हा सुचले नाही.

डेलमार दोनदा बोलला. पहिल्यांदा म्हणाला, "मी घेतली नाही, ताई." मी म्हणाले, "मला माहीत आहे." दुसऱ्यांदा तेच म्हणाला. मी तेच उत्तर दिले. पुन्हा तो बोलला नाही.

२ वाजून ३१ मिनिटांनी जॉस्लिन मागच्या दाराने धावत आली आणि तिने स्वतःच्या फोनवरून रुग्णवाहिका बोलावली. ती रडत होती. तिने मला सांगितले की, सॉस चुलीवरून उतरवल्यावर आचारी वरून आणखी व्हिस्की ओततात, त्याशिवाय गिऱ्हाइकाला चव लागत नाही, हे तिला आम्हाला बाहेर काढल्यावर भांड्याजवळ जाऊन समजले. तिचा जबाब आजच घ्यावा. उद्या ती त्या नोकरीवर असेल व बोलेल, याची मला खात्री नाही.

वेल्ड यांनी सही करून दिलेल्या कागदात 'गिऱ्हाईक दारूच्या अंमलाखाली, हातात पेय घेऊनच आले, येथे मद्य दिलेले नाही' असे आहे. यातले शेवटचे वाक्यही खोटे आहे. त्यांनी दारू वाटीत घालून दिली. या कागदावर विसंबून, मृत्यू सवयीच्या दारुड्याचा आहे, रक्त तपासण्याचे कारण नाही, असे मला या चौकीतून रविवारी फोनवर सांगण्यात आले. मंगळवारी सायंकाळी ५ वाजता प्रेत अंत्यविधीवाल्यांच्या ताब्यात जाईल. अंगात गोळी व अर्ध्या वाटीपुरतीच दारू होती हे दाखवणारे रक्त ते प्रेतात औषध भरताना काढून टाकतात. त्यानंतर माझा भाऊ काय पिऊन मेला, हे वेल्ड सांगतील तेच खरे ठरेल.

मी सोबत दोन वस्तू जमा करीत आहे: एक, झाकणासह पेला, तळाशी चार बोटे आंबलेला चहा, दोन, पुडिंगचा डबा, हॉटेलच्या शीतकपाटात ठेवलेला, शनिवारपासून न उघडलेला. त्यांची पोच मला मिळाली आहे.

माझी वेल्ड यांच्याविरुद्ध तक्रार आहे. पुडिंग खा असे सांगणारी मी आहे, हेही या जबाबात राहू द्यावे. त्याबद्दल ज्याला जाब द्यायचा, त्याला मी देईन. पण तो दारू पिऊन मेला, असे कुठल्याही कागदावर राहता कामा नये.

सार्जंट पिंकनी यांनी हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. 'मयताने पुडिंगचे सेवन केले' असे त्यांनी लिहिले होते, तेथे 'बहिणीने सांगितल्यावरून' हे शब्द मी घालून घेतले. आता तो मी सांगितल्याप्रमाणे आहे व खरा आहे.

रक्त तपासणार की नाही, याचे उत्तर मला लेखी, सहीशिक्क्यासह, मंगळवार दि. १५ एप्रिल रोजी दुपारी ४ वाजण्याच्या आत हवे. मी तोवर याच चौकीच्या बाकावर बसलेली आहे.

सही
अर्नेस्टीन बर्नडेट टूमर