येतो नावाचा ग्रह

सुप्रीता : खरं सांगा अण्णा, इंटरनेटवरचा तो ‘टोबारभक्त एकोणीस’ म्हणजे तुम्हीच ना?

हयवदन : एकोणीस हा आपल्या घराचा नंबर. पोरांना ते माझं वय वाटलं. त्या वयात थोडे गैरसमज असू द्यावेत, म्हणून मी काही बोललो नाही.

सुप्रीता : विनोद नको. बेळ्ळंदूरहून अख्खी संध्याकाळ ट्रॅफिकमध्ये घालवून आलेय मी. ‘येतो हा टोबारचा जन्मग्रह आहे’ हे तुम्ही लिहिलंत?

हयवदन : लिहिलं. कोणीतरी लिहायला पाहिजे होतं.

सुप्रीता : का पण?

हयवदन : अगं, चित्रदुर्गाकडचा एक पोरगा लिहीत होता, कन्नड डबिंगवाल्यानं भाषेचा मुडदा पाडला, सहाव्या भागात यंत्रमानव टोबार काय बोलतो ते टोबारला तरी कळतं का? त्याखाली नुसते हसरे चेहरे. ढिगानं. तिथं मी काय लिहू? ‘बाळा, तो आवाज माझ्या मुलाचा. घरात मराठी बोलायचा, तोंडातून ‘येतो’ निघून गेलं’? त्या पोराला रात्रभर झोप आली नसती. त्यापेक्षा ग्रह बरा.

सुप्रीता : स्क्रिप्टमध्ये ‘नानु होगतीनी’ होतं.

हयवदन : मी जातो! आपल्या घरात दारातून बाहेर पडताना असं कोणी म्हटलंय कधी? ‘जातो’ म्हटलं की तुझी अम्मा परत आत बोलवायची, बसवायची, पाणी पाजायची, मग सोडायची. इथले कन्नडवालेसुद्धा ‘होगि बरतीनी’ म्हणतात, जाऊन येतो. लिहिणाऱ्यानं सरळ इंग्रजीवरून उतरवलं. आपल्या प्रणीतनं ‘नानु’पर्यंत कन्नड सांभाळलं बिचाऱ्यानं. पुढं दार आलं, आणि तोंड घरचं झालं.

सुप्रीता : आणि स्टुडिओत कुणाच्या लक्षात आलं नाही.

हयवदन : यंत्र बोलतंय म्हटल्यावर काहीही खपतं. मंत्र्यांचं खपतं, यंत्राचं काय घेऊन बसलीस.

सुप्रीता : अण्णा, कुणी तरी त्या ग्रहाचा नकाशा काढलाय. येतो ग्रहाला दोन चंद्र आहेत.

हयवदन : दुसरा माझा नाही. मी एकच दिला होता.

अनुसूया : कुणाचे ग्रह बघताय एवढे? सुप्रीता, तू आल्याआल्या बॅगसुद्धा खाली ठेवली नाहीस.

हयवदन : टोबारचे ग्रह बघतोय.

अनुसूया : त्या मशीनचं नाव ह्या घरात नको म्हटलं होतं मी. तुम्ही दिवसभर खोलीत बसून त्या पोरांशी भांडता, मी काही बोलले? देवाप्पाला इस्त्रीचे कपडे द्यायचे विसरलात, तरी बोलले नाही.

हयवदन : भांडत नाही गं. चाहते आहेत ते. चाहता म्हणजे ज्याला काहीच आवडत नाही तो, हे मला ह्या वयात कळलं. चाळीस वर्षं ‘नवव्या चंद्राचे वारस’ हे पुस्तक डोक्यावर घेऊन नाचले, आता त्याच्या आधीची गोष्ट टीव्हीवर आली तर म्हणतात, आमचं बालपण बुडवलं. कुणाला यान पसंत नाही, कुणाला राणीचं नाक. एकानं विचारलंय, टोबार शेवटी मरतो हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, मग त्याचे लहानपणीचे दिवस दाखवून काय उपयोग?

अनुसूया : मग? तुम्ही काय उत्तर दिलंत?

हयवदन : त्याला नाही दिलं.

सुप्रीता : अम्मा, बस ना जरा. मला दोघांनाही एक सांगायचंय. कंपनीचा फोन आला होता.

अनुसूया : कुठल्या कंपनीचा?

सुप्रीता : ही मालिका दाखवणारी. प्रणीतच्या कागदांवर घरचा नंबर म्हणून माझा होता. अण्णांच्या ग्रहामुळं एवढा गोंधळ झाला, की मूळ लिहिणाऱ्या बाईंनी परदेशातून विचारलं, येतो कुठून आला? तेव्हा कुठं इथल्या लोकांनी रेकॉर्डिंग ऐकलं. उद्यापासून दुरुस्त करणार आहेत.

हयवदन : सरी, ठीक आहे. एक शब्द जाणार.

सुप्रीता : नाही अण्णा. एका शब्दाला दुसरा आवाज लावला तर जोड दिसतो म्हणे. म्हणून अख्खा टोबार दुसऱ्याकडून करून घेतलाय. आधी मला विचारलं त्यांनी, मूळ कलाकार एका दिवसासाठी परत येऊ शकेल का म्हणून.

हयवदन : काय सांगितलंस?

सुप्रीता : सांगितलं.

हयवदन : हं.

सुप्रीता : वाईट वाटलं त्यांना. खूप चांगलं बोलले. पण उद्या त्याचा आवाज जाणारच. तुम्ही गप्प बसला असतात ना अण्णा, तर ती पोरं दोन दिवस हसून विसरली असती. कुणी उकरून काढलंच नसतं.

हयवदन : आयुष्यभर लोकांच्या चुका काढून पोट भरलं मी. पहिल्यांदाच एक चूक झाकायला गेलो. सवय नाही ना.

सुप्रीता : मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवते. सगळे भाग.

हयवदन : ठेव. ठेव गं. पण फोनमधला आपला झाला. तिथला कसा, मंड्यात कुणीतरी जेवताना लावत असेल, हुबळीत कुणी अभ्यास सोडून बघत असेल. सकाळी चहा घेताना मी मनात म्हणायचो, आत्ता ह्या क्षणी कुठंतरी आपला बोलतोय. एवढंच होतं माझं. त्याला चंद्र काय, सूर्यही दिला असता.

अनुसूया : तुम्ही दोघं बोला. माझी भाजी लागतेय.

हयवदन : गॅस बंद करून आलीयेस तू. ऐक. आजच्या दिवस आहे तो.

अनुसूया : मला नको.

सुप्रीता : अम्मा, एकदा. फक्त सहावा भाग. तेवढीच जागा.

अनुसूया : नको म्हटलं ना. तो होता तेव्हा कधी ऐकलं नाही, आता कुठल्या तोंडानं ऐकू? नोकरी सोडून आला तेव्हा काय बोलले मी त्याला? मशीनला कंठ कशाला लागतो, आमचा मुलगा मशीनचा गळा झाला, नातेवाइकांना काय सांगू? तो हसला. हसून इथं बसून दहीभात खाल्ला. पुढं महिन्याभरात रिंग रोडवर... आणि मला म्हणे सहावा भाग.

सुप्रीता : तो रागावला नव्हता अम्मा.

अनुसूया : तेच. रागावला असता तर मी पण दोन दिवस अबोला धरून मोकळी झाले असते.

हयवदन : अनुसूया, उद्यापासून टोबारच्या तोंडी दुसरा कुणाचा मुलगा असेल. त्याची आई टीव्हीसमोर बसेल, शेजारच्यांना बोलावेल. बसू दे, तिचा हक्क आहे. पण आजची रात्र हा हक्क तुझा आहे.

अनुसूया : भिंतीकडं तोंड करून बसेन मी. मला ते मशीन बघायचं नाही.

हयवदन : चालेल. लाव गं सुप्रीता. म्हातारा कारागीर टोबारला तयार करून दाराशी सोडायला येतो तिथून.

(टीव्हीवर जड पावलांचा आवाज. दार सरकतं. मग एक खरखरीत तरुण आवाज : “नानु... येतो.” दार बंद होतं.)

हयवदन : झालं. एवढंच आहे.

अनुसूया : परत लाव.

सुप्रीता : हो. थांब हं. ...लावलं.

अनुसूया : अजून एकदा.

हयवदन : अगं, तुला त्रास होत असेल तर—

अनुसूया : तुम्ही गप्प बसा. ‘नानु’ कुठं म्हणतोय तो? ‘दादु’ म्हणतोय. नाक चोंदलंय.

सुप्रीता : नाही अम्मा, तो मशीनचा आवाज आहे. लोकांनी किती कौतुक केलंय, एवढा खरखरीत धातूसारखा आवाज म्हणजे काय महागडं तंत्र वापरलं असेल म्हणून.

अनुसूया : लोकांनी त्याचं नाक पुसलंय का लहानपणी? सर्दी झालीय त्याला. चांगली छातीत उतरलीय. त्या काचेच्या खोलीत एसी लावून बसवलं असेल दिवसभर, आणि हा बोलला नसेल कुणाला. घरी आला तेव्हा मला तरी सांगायचं. आलं-मिरी घालून काढा दिला असता. एवढं बोलल्यावर कसं सांगणार म्हणा.

हयवदन : अनुसूया.

अनुसूया : मी रडत नाहीये. तुम्ही चष्मा पुसा तुमचा. सुप्रीता, पहिल्यापासून लाव. पहिल्या भागापासून. सगळं बघायचं मला.

सुप्रीता : लावते अम्मा. इकडं तोंड करून बस मग, भिंतीकडं नको. ऐकू येतंय ना नीट? वाढवू का?

अनुसूया : नको गं, कमी कर. घसा दुखत असेल त्याचा.