गजाननमामांची विलायत

...नाही, पण मी म्हणतो, यात माझी चूक काय? मामी म्हणते, "हृषी, तू मधे होतास, तू सांभाळून घ्यायचं होतंस." अरे काय सांभाळून घेणार? एका बाजूला आमचे गजाननमामा, ज्यांचं इंग्रजी सगळं पुस्तकातलं. दुसऱ्या बाजूला डर्बीचा तो म्हातारा, ज्याचं इंग्रजी कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. अन् मधे मी! का, तर म्हणे मी आयटीत आहे, दिवसभर विलायती क्लायंटची कटकट ऐकतो, तर मलाच कळेल. म्हणजे इंग्रजीतून इंग्रजीत दुभाष्या! ऐकलंय कधी तुम्ही?

थांबा, तुम्हाला मामाच माहीत नाहीत. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, बडा गणपतीच्या देवळामागच्या गल्लीत राहतात. सगळी हयात कॉलेजात पोलिटिकल सायन्स शिकवलं, अन् त्यातही विषय एकच, ब्रिटिश राज्यघटना. तिथली पार्लमेंट, तिथला स्पीकर, तिथले ते दोन पक्ष. लेबर अन् कन्झर्वेटिव नाही म्हणायचे हं, मजूर पक्ष अन् हुजूर पक्ष! जुन्या पेपरांत तसंच छापून यायचं, तर मामांचं तेच. अन् तुम्हाला सांगतो, या माणसाने विलायत पाहिलेली नाही. एकदाही नाही! लेक अबोली तिकडे डर्बीला इंजिनियर, ती बिचारी दर वर्षी बोलावते. एकदा तर सगळं ठरलं, लंडनसाठी कोटही शिवून झाला, तर कोरोना आला. तो गेला, तर गुडघे आले. मग मामी म्हणाली, आता पुरे. कोट गेला कपाटात, डांबराच्या गोळ्यांत. पण माणसाची इच्छा काय होती माहितीये? ताजमहाल नको, चारधाम नको... एकदा फक्त त्या पार्लमेंटच्या गॅलरीत बसायचं अन् "ऑर्डर! ऑर्डर!" कानांनी ऐकायचं. बस!

ते झालं नाही, म्हणून मग काय, विलायतच गल्लीत आणली. रस्त्यात खड्डा दिसला की छडी टेकवून उभे: "विलायतेत असं नाही होत!" बिजली गेली: "विलायतेत असं नाही होत!" कुठला आमदार झोपला या पक्षात अन् उठला त्या पक्षात, तर मामांना दोन दिवस ताप! कोपऱ्यावरचा पोहेवाला पंढरीनाथ, तो तर मुद्दाम छेडायचा. पोहे गार झाले की मामा सुरू, "विलायतेत असं..." की हा तिथून ओरडणार, "मामाजी, विलायत में पोहा ही नहीं होता!" अख्खी गल्ली हसायची. मामासुद्धा.

तर गेल्या जानेवारीत अबोलीचा फोन. "बाबा, माझं यंदा जमत नाही, पण शेजारचे डेरेककाका येतायत. त्यांना दात करायचेत." हे डेरेक म्हणजे रिटायर्ड बस ड्रायव्हर, बायको वारलेली, एकटे. अबोली तिकडे नवीन असताना तापाने फणफणली होती, तेव्हा या माणसाने रोज दारात सूप आणून ठेवलं होतं. ते उपकार ती विसरली नव्हती. पण मामांना ना दात ऐकू आले, ना सूप. फोन ठेवला अन् गल्लीभर सांगत सुटले, "इंग्लंडचा मतदार येतोय आपल्याकडे! साक्षात मतदार!"

एअरपोर्टवर मामा त्या कोटात. डांबराच्या गोळ्यांचा वास असा, की टॅक्सीवाला दोनदा शिंकला. डेरेक आले... गालफडं बसलेली, पण डोळे हसरे. मामांनी हात पुढे केला, गळा साफ केला, आठवडाभर पाठ केलेलं स्वागताचं वाक्य सुरू करणार, तोच तो म्हातारा म्हणतो, "ए अप, मी डक!"

मामा माझ्या कानाशी आले. "हृषी, हे मला बदक म्हणाले का?"

"नाही हो मामा, त्यांच्या गावाकडे प्रेमाने म्हणतात असं. जसं आपण म्हणतो ना, क्यूं भिया!"

मामांनी विचार केला. "पार्लमेंटमध्येही म्हणतात?"

आता काय सांगणार? म्हटलं, "डर्बीचे खासदार म्हणत असतील."

तर घरी आले. मामीने मऊ वरणभात केलेला, कारण दात कुठेत? पुढचे होते दोन, मागे सगळं मैदान. मामीने विचारलं, तुमच्याकडे दाताचे डॉक्टर नाहीत का? तर म्हणाले, आहेत ना, पण सरकारी दवाखान्यात नाव नोंदवायला जावं तर म्हणतात जागा नाही, खाजगीकडे जावं तर पेन्शन पुरत नाही. फार दुखायला लागला तेव्हा मागचा शेवटचा दात स्वयंपाकघरात बसून पकडीने उपटला. पकडीने! स्वतःच्या हाताने! मी हे मराठीत सांगितलं अन् मामीने पदर तोंडाला लावला. मामांचा घास हातातच. म्हणाले, "काहीतरी चुकतंय तुझं, हृषी. नीट ऐक. विलायतेत असं नाही होत."

मी परत विचारलं. डेरेकनी पक्कड कशी धरली ते हातवारे करून दाखवलं. आता याचं काय भाषांतर करू?

दुसऱ्या दिवशी आमच्या इथल्या दाताच्या डॉक्टर मधुरिमाने तोंड तपासलं, मापं घेतली, म्हणाली, येत जा, करून देते. अन् संध्याकाळी मामांनी त्यांना बैठकीत बसवून धडा लावला. अहो, काय शिकवलं त्या दिवशी! अलिखित घटना, मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी, साधा संशय आला तरी मंत्री कसा राजीनामा देतो, विरोधी पक्षाला कसा मान असतो... पुढे वर्ग नव्हता, एक बोळका म्हातारा होता, पण मामा तीस वर्षांनी तरुण झाले होते. डेरेक अगदी मन लावून ऐकत होते. संपलं तेव्हा हळूच माझ्याकडे वळले. म्हणाले, "फार सुंदर आहे हे सगळं. कुठल्या देशातलं म्हणायचं?"

देवाशप्पथ सांगतो, थट्टा नव्हती! खरंच विचारलं! अन् हे मी मामांना सांगायचं? मी सांगितलं, "ते म्हणतायत, सुंदर आहे." एवढंच. पण मामांना 'विच कंट्री' कळलं होतं. पुस्तकातलंच इंग्रजी ना ते.

मग डेरेकनी सांगायला सुरुवात केली. पंतप्रधान कसे येतात अन् जातात, इतके की टपालवाल्याचं नाव लक्षात राहतं, पंतप्रधानाचं नाही. एका बाईंच्या वेळी तर एका पेपरवाल्याने सॅलडच्या पाल्याचा गड्डा कॅमेऱ्यापुढे मांडला, म्हणाला, बघू आधी कोण सुकतं, हा की पंतप्रधान! अन् गड्डा जिंकला! मामी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मग गड्ड्यालाच बसवायचं होतं खुर्चीवर. निदान भाजी तरी झाली असती." डेरेकना हे सांगितलं, तर हसता हसता त्यांना ठसका लागला. म्हणाले, यांना आमच्याकडे उभं करा. रस्त्यात खड्डे? आहेत. नद्यांत गटाराचं पाणी? सोडतात. इथे सकाळी कचऱ्याची गाडी येते अन् बाया डबे घेऊन पळतात, हे तर ते रोज ओट्यावर उभं राहून सिनेमासारखं बघायचे. मामा प्रत्येक गोष्टीला हळू आवाजात म्हणायचे, "विलायतेत असं..." अन् पुढचं गिळायचे.

शेवटी मामांनी ठेवणीतला पत्ता काढला, आमच्याकडचा जुना राजवाडा, लालबाग! तिथलं मोठं फाटक लंडनच्या राजवाड्याच्या फाटकासारखं आहे म्हणतात ना! मामा छडी उंच करून दाखवतायत, "पाहा, अगदी तुमच्यासारखं!" डेरेकनी मान वर करून पाहिलं, खूप वेळ पाहिलं. म्हणाले, "असेल. मी ते कधी पाहिलं नाही."

"लंडनला गेलाच नाहीत?"

"एकदा गेलो होतो. मी अन् मॉरीन. पार्लमेंट बघायला. रांग लांब होती, तिला भूक लागली. मग तळलेले बटाटे खाल्ले अन् परत आलो."

तुम्हाला सांगतो, मामांचा चेहरा बघवत नव्हता. ज्या दारासाठी हा माणूस जन्मभर झुरला, त्या दारातून डेरेक बटाटे खाऊन परत आले! मामा हिरवळीवरच्या बाकावर बसले. डेरेक शेजारी बसले. मग डेरेक आपणहून बोलायला लागले.

म्हणाले, मी पक्का मजूरवाला. बाप मजूरवाला, आजा मजूरवाला. अन् मॉरीन? कट्टर हुजूर! आमच्या घराला समोर दोन खिडक्या. निवडणूक आली की एका खिडकीत माझा लाल कागद, दुसरीत तिचा निळा. शेजारी हसायचे. तिने केलेल्या केकवर निळी साखर, मी तो डोळे मिटून खायचो. मत द्यायला हातात हात घालून जायचो अन् दोघं एकमेकांचं मत रद्द करून यायचो. परत येताना ती दर वेळी म्हणायची, डेरेक, आपण दोघं घरीच बसलो असतो तरी चाललं असतं. पण कधी घरी बसलो नाही.

"मग ती गेली. अन् या मागच्या निवडणुकीला मी एकटा गेलो. तिथे पेन्सिलने फुली मारायची असते. पेन्सिल हातात घेतली अन् डोक्यात आलं, अरे, आज पहिल्यांदा माझं मत मोजलं जाणार! रद्द करायला कोणी नाही! अन् नावं वाचली... सगळे तेच बोलत होते. मत देण्यासारखं कोणी दिसेना. भांडण्यासारखंसुद्धा कोणी दिसेना. कागद कोरा घडी करून पेटीत टाकला. त्याच रात्री माझा पक्ष जिंकला. इतक्या वर्षांनी! अन् घरात चिडवायला कोणी नाही. तिची खिडकी रिकामी. सरकार बदललं, दात तसेच राहिले."

मी भाषांतराला तोंड उघडलं, तर मामांनी हात वर केला. "कळलं," म्हणाले. अन् मामांनी डेरेकच्या गुडघ्यावर हात ठेवला. तसाच, बराच वेळ. समोर पोरं पतंग उडवत होती.

पुढे सगळं छान झालं हो. दात बसले, अन् असे बसले की डेरेक कडाकड लसणाची शेव खायला लागले, पंढरीनाथ लोकांना बोलावून ऐकवायचा. जाताना मामीने शेवेचा डबा दिला. त्यांनी मामांना मिठी मारली, "टा-रा, डक" म्हणाले, अन् मामा, आमचे मामा, घटनेचे प्रोफेसर, म्हणतात, "टा-रा... डक!" मी तोंड फिरवलं. हसू आलं म्हणून नाही.

पण मग गल्लीचं काय झालं ते ऐका. दोन-चार दिवसांनी ऐन संध्याकाळी बिजली गेली. सगळे ओट्यांवर आले. मामाही आले. अन् सगळी गल्ली गप्प... वाट बघतेय. मामा काही बोलेनात. पंढरीनाथने शेवटी न राहवून हाक मारली, "मामाजी, बोलो ना! विलायत में..."

मामा म्हणाले, "होतं रे. तिथेही होतं."

बस. कोणी हसलं नाही. तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं आम्ही त्या वाक्याची टिंगल केली, अन् त्या अंधारात कळलं की आम्हालाच ते लागत होतं! कुठेतरी दूर एक जागा आहे जिथे खड्डे नाहीत, मंत्री शब्द पाळतो, रांगेत कोणी घुसत नाही... आपल्याला काय जायचंय तिथे? कोणालाच जायचं नव्हतं. पण ती असायला हवी होती ना कुठेतरी! पंढरीनाथ म्हणाला, "भिया, गलत आदमी को बुला लिया दाँत बनवाने." अन् मामी तेव्हापासून माझ्यावर रागावलीय, की तू ते 'कुठल्या देशातलं' खाऊन टाकायचं होतंस. अहो खाल्लंच होतं मी!

परवा रविवारी गेलो होतो. मामी मेथी निवडत होती, मामा पेपर न उघडता मांडीवर घेऊन बसले होते. मधेच विचारतात, "शशी, तू आजवर मत कुणाला देत आलीस?"

मामी मान वर न करता म्हणाली, "तुम्ही सांगायचात त्याला नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

मामा माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "ऐकलंस? म्हणजे माझी सगळी मतं..."

"वाया," मामी म्हणाली. "अन् मी आहे तोवर तुमचं एकही मत मोजलं जायचं नाही, सांगून ठेवते."

मामा तिच्याकडे बघत राहिले. बघतच राहिले. मग जुडीतली थोडी मेथी आपल्यापुढे ओढली, निवडायला लागले अन् म्हणाले,

"मग राहा बाई."