चारचा आकडा

(भिवंडी. घरामागच्या शेडमधले लूम, म्हणजे यंत्रमाग, दोन महिने बंद. दुपार. पलंगावर अर्धी भरलेली बॅग. पाळण्यात मृणालीची तीन महिन्यांची मुलगी, पूर्वी. कमळ मृणालीची सासू.)

मृणाली : पंखा का लावलात, आई? बंद करा म्हटलं ना!

कमळ : केला बाई. टीव्ही बंद, मिक्सर बंद, लूम बंद. आता मी श्वास बी बंद करू?

मृणाली : टोमणे नकोत. साडेतीनला कानातला आवाज सात होता. दहापैकी सात! शांतता असली की नीट कळतं, वाढला की उतरला.

कमळ : कळून काय करतेस?

मृणाली : लिहिते. डॉक्टरांनीच सांगितलंय.

कमळ : दोन दिस लिव म्हनला तो. मी व्हते बाजूला. तू दोन म्हैने लिवतेस, पोरीच्या दुधाच्या वहीत! दूध कवा, शी कवा, कान किती.

मृणाली : तुमच्या कानात वाजलं असतं ना, मग समजलं असतं.

कमळ : वाजतंय.

मृणाली : काय?

कमळ : डावा कान. तीस वरसं. लूमच्या बाजूला बसून धाग्याच्या कांड्या भरल्यात मी.

मृणाली : खोटं! सोमवारी लूम चालू करायचेत म्हणून बोलताय.

कमळ : पूर्वीची शपथ घेऊ?

मृणाली : तिला मध्ये आणू नका! मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?

कमळ : ध्यानात असलं तर बोलीन ना. सगळं ध्यान धाग्यावर. धागा तुटला की सासू अंगावर यायची. कानाकडं कोन बघतंय? आता तू घर मुकं केलंस, वर दर अर्ध्या तासानं मलाच विचारतेस, 'आई, तुम्हाला काही ऐकू येतं का?' आला माजा आवाज परत. जेवताना बी सोडत न्हाय.

मृणाली : म्हणजे मी लावला तुम्हाला आजार?

कमळ : तूच जागा केलास.

मृणाली : छान! जातेच मी कल्याणला, माझ्या आईकडे.

कमळ : जा. पोर हितंच ठेव.

मृणाली : काय म्हणालात?

कमळ : काल ही रडून लाल झाली. मी मागच्या दारातून धावत आले. तू पाळण्याला टेकून बसलेलीस, डोळे मिटून, हातात पेन.

मृणाली : मी... ऐकत होते.

कमळ : काय ऐकत व्हतीस? बोल ना.

मृणाली : हा आवाज वाढत गेला तर एक दिवस हिचं रडणंच ऐकू येणार नाही मला. म्हणून लक्ष ठेवते. म्हणूनच तर लिहिते!

कमळ : किती वाजले?

मृणाली : सव्वाचार. का?

कमळ : चारचा आकडा कुठं हाय वहीत?

मृणाली : राहिला. तुम्ही भांडत होतात.

कमळ : मग उद्या बी येते चारला भांडायला.

मृणाली : आता वाजतंय परत. तुम्ही आठवण करून दिलीत.

कमळ : माजा बी वाजतोय.

मृणाली : आई, पंखा लावा. एकवर. हिच्या मानेला घाम आलाय.