बारशाचा कॅमेरा

माझं मेलं कोणी ऐकतच नाही. नातवाच्या बारशासाठी इथे भोपाळच्या बिट्टन मार्केटात जुना डिजिटल कॅमेरा घेताना मी दुकानाच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून पाहिला, तर त्यात काळा ठिपका. दुकानदार म्हणाला, "दीदी, दीवार पे मक्खी होगी." हे म्हणाले, "सुमन, चष्मा पूस. नवा परवडणार आहे का आपल्याला?"

बारशाला बाळ माझ्याच मांडीवर. "अहो, ठिपका बाळावर येईल," मी सांगत राहिले आणि हे मलाच "हस जरा" म्हणत फोटो काढत राहिले.

फोटो नागपूरला सासूबाईंकडे गेले. लगेच ह्यांना फोन आला. "एवढी मोठी तीट, तीही बाळाच्या नाकावर, लावली कोणी रे?"

माझ्याकडे न बघता हे म्हणाले, "सुमननं."