करंट कुठून आला

— नाही नाही, पेन्सिल सेल नकोत मालक, तेच परत नकोत — बारा व्होल्टची बॅटरी द्या, मोटारसायकलला असते तसली. कशाला म्हणजे? रॉकेट उडवायला. हसा, खुशाल हसा — हातभर पुठ्ठ्याचं असतं, पण पाण्याच्या टाकीच्याही वर जातं. बायको बनवते माझी. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्त झाली, तर बरोबरीच्या बाया गुडघे दुखतात म्हणून बसल्या आणि ही म्हणते, अहो, मला पॅराशूट शिवून द्या. मी शिंपी हो. गणवेश शिवणारा माणूस, पॅराशूट शिवायला लागलो!

आणि इग्नायटर दाखवा — तेच, वायरच्या टोकाला मसाला लावलेले. करंट गेला की तार तापते, मसाला पेटतो — तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही विकता. कमी करंटवर पेटणारे? नको नको, जास्त लागणारेच द्या, उगाच पेटायला नकोत. एक विचारू? हे आपोआप पेटतात का हो? म्हणजे बटण दाबलं, पेटला नाही, आणि मग मिनिटभरानं, मनात आलं म्हणून — नाही? कधीच नाही? उन्हानं? बघा ना जरा आठवून, एखादं गिऱ्हाईक आलं असेल तक्रार घेऊन.

तीन आठवडे झाले. सकाळची वेळ, मैदान मोकळं. बटण दाबलं — ढिम्म. परत दाबलं — ढिम्म. सेल उतरलेत असं ती आधीच म्हणाली होती, मीच म्हटलं, चालतील अजून. आता तिचा नियम असा, की रॉकेट पेटलं नाही तर बटणाच्या खोक्याची किल्ली काढायची — किल्लीशिवाय बटण मेलेलं — आणि जो जवळ जाईल त्याच्या हातात द्यायची. एरवी मागून घेते, त्या दिवशी नुसतं विचारलं, "काढलीत ना?" मी म्हटलं, "हो गं, जा." गेली, वाकली, वायरचे चिमटे घट्ट बसवले — आणि पेटलं. सगळं तोंडावर. उजवा डोळा गेला. डाव्याचं, डॉक्टर म्हणतात, बघू.

मी सगळ्यांना सांगितलं, इग्नायटरच खराब निघाला. तिलाही सांगितलं. आणि तिनं मानलं हो — तेच तर! दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून बसलीय आणि रोज म्हणते, मीच निवडले होते, माझीच निवड चुकली. परवा शाळेतल्या मुलींना निरोप धाडला, की मी शिकवलेलं विसरा, हा नाद सोडा. जेवत नाही धड. भांडून इथवर आणली तिला, म्हटलं चल, चांगले बघून घेऊ. बाहेर गाडीत बसलीय.

तर तुम्ही एवढंच करा — ती विचारेल, तुम्ही म्हणा, हो बाई, निघतात असे कधीकधी, त्यात तुमची काय चूक. बस. एवढंच. का नाही? मालाचं नाव खराब होतं? अहो, पाया पडतो तुमच्या —

काय म्हणालात? करंट कुठून आला?

हं. तीही हेच विचारेल, नाही का? जरा बरं वाटलं की पहिलं हेच. तीस वर्षं दुसरं काय शिकवलं तिनं... काढली नव्हती किल्ली. विसरलो नव्हतो, कंटाळा केला. एवढ्याशा पुठ्ठ्याला कसले नियम, म्हटलं. आणि ती वाकली असताना, खोक्यावरचा दिवा लागतो का बघावं म्हणून — अंगठा नुसता ठेवला हो बटणावर. नुसता... दाबला. मीच दाबला.

अगं! थांब, थांब, पायरी आहे — एकटी कशाला उतरलीस? धर, माझा हात धर. हे दुकानाचे मालक. मालक, राहू द्या ती बॅटरी, बांधू नका. जरा स्टूल द्या हिला. बैस. नाही, त्यांना काही विचारू नकोस, मीच सांगतो. घरी नाही गं, इथेच — घरी गेलो तर मी परत काहीतरी —

तुम्ही जरा आत जाता का, मालक?